बाजारांत न्यावयाचें काय आणि घरीं ठेवावयाचें काय

सातपुड्याच्या ज्या रांगा उत्तरेस नर्मदेकडे उतरत गेल्या आहेत, त्यांच्या डोंगराळ मुलखांत, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, मोलगी हें बाजाराचें गांव आहे. भोंवतालच्या पाड्यांवरील भिल्ल व पावरा शेतकऱ्यांचा माल येथें येऊन उतरतो, आणि त्यांच्या संसाराला लागणारा जिन्नस येथूनच पाड्यांवर जातो. बाजाराच्या दिवशीं वाटेच्या कडेला उभें राहून जो कोणी या ओझ्यांकडे नीट पाहील, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहणार नाहीं. बाजाराकडे जाणाऱ्या ओझ्यांत आमचूर असतो, भगर असते, तूर असते, मोहाचीं फुलें असतात. परत जाणाऱ्या पिशव्यांत चहा, साखर, तेल, मीठ, बिस्किटांचे पुडे आणि पांढरा तांदूळ असतो. रोकड पैशावांचून आज कोणाचाही संसार चालत नाहीं, म्हणून या देवघेवीस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु जें ओझें आपण उतरवून देतों त्यांत कोणतें अन्न आहे, आणि जें घेऊन परततों त्यांत कोणतें अन्न आहे, याचा हिशेब रुपयांत मांडला जातो तसा शरीराच्या दृष्टीनेंही मांडला पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांत अन्नशास्त्रज्ञांनीं जें नवें संशोधन केलें आहे, त्याच्या आधारें हा दुसरा हिशेब वाचकांपुढें ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सध्यांची स्थिति

इ. स. २०१९ ते २०२१ या काळांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पांचवी फेरी झाली. तींत असें आढळून आलें कीं, महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील बालकांपैकीं शेंकडा ३५ बालकांची उंची वयाच्या मानानें कमी आहे आणि शेंकडा ३६ बालकांचें वजन वयाच्या मानानें कमी आहे. सहा महिने ते पांच वर्षे या वयाच्या बालकांपैकीं शेंकडा ६८.९, आणि पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ यांच्या अंगांत रक्त कमी असल्याचें दिसलें. हे आंकडे सबंध प्रांताचे झाले. नंदुरबार जिल्ह्याची स्थिति याहूनही बिकट असून तेथें निम्म्याहून अधिक बालकें कमी वजनाचीं आढळलीं.

या आंकड्यांचा अर्थ शेतकऱ्याला सांगण्यास फार शब्द नकोत. ज्या वासराला पहिल्या वर्षीं पोटभर दूध व चारा मिळाला नाहीं, त्याचा पुढें कितीही खुराक दिला तरी जोमदार बैल होत नाहीं, हें आपण जाणतों. मनुष्याच्या बालकाचेंही तसेंच आहे. गर्भांतील नऊ महिने व जन्मानंतरचीं पहिलीं दोन वर्षे यांत जी उणीव राहते, ती पुढें भरून काढणें फार कठीण जातें. शिवाय ज्या आईच्या अंगीं रक्त कमी, तिला बाळंतपणांत धोका अधिक आणि तिचें मूलही बहुधा कमी वजनाचें जन्मतें. याप्रमाणें एका पिढीची उणीव दुसऱ्या पिढीच्या वांट्यास येते.

रक्त आणि लोह

रक्ताला जो तांबडा रंग आहे तो हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्याचा होय. आपण श्वासावाटे जो प्राणवायु घेतों, तो फुप्फुसांतून उचलून अंगाच्या कानाकोपऱ्यांत पोंचविण्याचें काम हें द्रव्य करतें. तें तयार होण्यास लोह लागतें. लोह कमी पडलें कीं रक्त फिकट होतें, चढ चढतांना धाप लागते, थोड्या कामानें थकवा येतो आणि मुलांचें अभ्यासांत चित्त लागत नाहीं. डोंगरावर राहून ज्यांस पाण्यासाठीं व लांकडासाठीं नित्य चढउतार करावा लागतो, अशा स्त्रियांस या उणीवेचा त्रास किती होत असेल याची कल्पना सहज येईल.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें इ. स. २०२० मध्यें ठरविलेल्या मानाप्रमाणें प्रौढ पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम व प्रौढ स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह अन्नांतून मिळालें पाहिजे. आतां आपल्या ताटांत तें किती येतें तें पाहूं. त्याच संस्थेच्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असतें, व तितक्याच पांढऱ्या, सडलेल्या तांदुळांत तें एक मिलिग्रॅमही भरत नाहीं. म्हणजे चारशें ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाणाऱ्या स्त्रीला त्यांतून सुमारे १६ मिलिग्रॅम लोह मिळतें. तिनें तितकाच पांढरा तांदूळ खाल्ला तर फार तर अडीच तीन मिलिग्रॅम मिळेल. बाजारांतून येणाऱ्या तांदुळानें पोट भरतें, पण ज्वारीची जागा तो भरून काढीत नाहीं, हें या साध्या गणितावरून दिसून येईल.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. धान्यांत असलेलें सर्वच लोह रक्तांत जातें असें नाहीं. धान्याच्या कोंड्यांत फायटिक आम्ल नांवाचें एक द्रव्य असतें. बीं रुजतांना कोंवळ्या मोडास लागणारा स्फुरद त्यांत सांठविलेला असतो. बियाच्या दृष्टीनें ही तरतूद उत्तम आहे. परंतु आपल्या पोटांत गेल्यावर हेंच द्रव्य लोहाला व जस्ताला धरून ठेवतें आणि आंतड्यांतून रक्तांत शिरूं देत नाहीं. त्यामुळें धान्याच्या आहारांतील शंभर भाग लोहापैकीं सुमारे पांच ते आठ भागच अंगीं लागतात. बाकीचें तसेंच वाहून जातें. खत शेतांत पुष्कळ टाकलें, पण जमिनींत ओल नसल्यानें पिकानें तें घेतलें नाहीं, अशी ही स्थिति आहे. तेव्हां प्रश्न दोन आहेत. ताटांत लोह किती येतें हा एक, आणि आलेलें लोह सुटें होऊन अंगीं कसें लागेल हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचें एक उत्तर मोलगीच्या बाजारांतच पोत्यांत भरून ठेवलेलें आहे.

आमचुराचा गुण

म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत हेमलता, प्लाटेल व श्रीनिवासन या संशोधकांनीं इ. स. २००५ मध्यें कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्या देशांत स्वयंपाकास आंबटपणा आणण्यासाठीं जे पदार्थ वापरतात, त्यांचा धान्यांतील लोह व जस्त यांवर काय परिणाम होतो हें त्यांस पहावयाचें होतें. पोटांत व आंतड्यांत अन्न जसें पचतें तशीच क्रिया प्रयोगशाळेंत पात्रांत घडवून आणून, किती लोह व जस्त सुटें होतें तें त्यांनीं मोजलें. आमचूर घातला असतां धान्यें व कडधान्यें यांतील लोह आणि जस्त हीं दोन्हीं सर्वसाधारणपणें अधिक प्रमाणांत सुटीं होतात, असें त्यांस आढळलें. चिंच व कोकम यांचा गुण आमचुराइतका एकसारखा दिसला नाहीं. पुढें इ. स. २०१० मध्यें त्याच संस्थेंतून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत कांदा व लसूण यांच्या अंगींही असाच गुण असल्याचें दिसून आलें.

यांतील कारण समजण्यासारखें आहे. कच्च्या आंब्यांत जीं आम्लें असतात तीं फोडी वाळविल्यावरही टिकून राहतात. हीं आम्लें लोहाला आपल्याशीं सैल जोडून घेतात, त्यामुळें फायटिक आम्लाला तें पक्कें धरून ठेवतां येत नाहीं, आणि तें विरघळलेल्या स्थितींत आंतड्यापर्यंत पोंचतें. ताज्या कैरींत व लिंबांत जीवनसत्त्व 'क' असतें तेंही हेंच काम करतें. मात्र उन्हांत वाळविल्यानें व शिजविल्यानें त्याचा बराच नाश होतो. म्हणून मोसमांत ताजी कैरी, व एरव्हीं आमचूर, असा क्रम ठेवावा.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हे प्रयोग पात्रांतले आहेत. अमुक महिने आमचूर खाल्ल्यानें अमुक इतकें रक्त वाढलें, असें त्यांवरून म्हणतां येत नाहीं. आमचूर हें औषध नव्हे, आणि जिचें रक्त फारच उतरलें आहे तिनें दवाखान्यांतील लोहाच्या गोळ्या सोडून आमचुरावर विसंबूं नये. परंतु जो पदार्थ आपल्याच झाडाचा आहे, ज्याची चव आपल्या तोंडीं आहे आणि ज्यापासून सामान्य माणसास अपाय नाहीं, तो रोजच्या वरणांत चिमूटभर घालण्यास याहून अधिक पुराव्याची वाट पाहण्याचें कारण दिसत नाहीं.

चैत्र वैशाखांत पाड्यापाड्यांवर कैऱ्या उतरवून, साल काढून, फोडी करून उन्हांत पसरतात, हें दृश्य वाचकांच्या परिचयाचें आहे. पांढरी स्वच्छ फोड असेल तर भाव चांगला येतो. अवकाळी पावसाचा शिडकावा झाला किंवा ऊन कमी पडलें तर फोड काळवंडते आणि व्यापारी भाव पाडतो. रंग उतरला म्हणून फोडींतील आम्ल नाहींसें होत नाहीं. केवळ रंगानें काळवंडलेली फोड कमी भावानें विकण्यापेक्षां घरासाठीं ठेवणें हें दोन्हीं हिशेबांनीं फायद्याचें आहे. मात्र जिला बुरशी धरली आहे ती फोड घरींही ठेवूं नये व बाजारांतही नेऊं नये. ती टाकूनच द्यावी.

भिजविणें, मोड आणणें, आंबविणें

धान्यांतील लोह सोडविण्याचे आणखी उपाय आपल्या आजीपणजींच्या हातचेच आहेत. धान्य किंवा कडधान्य रात्रभर पाण्यांत भिजविलें, त्याला मोड आणले, किंवा पीठ आंबविलें, तर बियांतील पाचक द्रव्यें जागीं होतात व फायटिक आम्लाचे तुकडे पाडूं लागतात. ज्वारीच्या पिठाची आंबील, मोडाची मटकी किंवा मूग, भिजवून दळलेलें धान्य, हे पदार्थ या दृष्टीनें उत्तम होत.

लोखंडी तवा व लोखंडी कढई यांचाही येथें उल्लेख केला पाहिजे. इथिओपिया देशांत लोखंडी भांड्यांत शिजविलेलें अन्न खाणाऱ्या मुलांत रक्ताची उणीव कमी झाल्याचें इ. स. १९९९ मध्यें लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. आंबट भाजी लोखंडी कढईंत शिजली म्हणजे तींत थोडें लोह उतरतें. मात्र तीच आंबट भाजी कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत शिजवूं किंवा ठेवूं नये. तेथें उतरणारें तांबें अपायकारक असतें.

भगरीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. भगर, बर्टी इत्यादि बारीक धान्यें डोंगरउताराच्या हलक्या जमिनींत, थोड्या पावसावर येतात, आणि त्यांचें बीं घरचेंच असतें. संयुक्त राष्ट्रांनीं इ. स. २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळल्यापासून शहरांतही त्यांचें महत्त्व वाढलें आहे. परंतु भगरींतलें सत्त्व तिच्या कांडणीवर अवलंबून आहे. घरीं उखळांत हलकें कांडलेल्या दाण्यावर कोंड्याचा कांहीं भाग राहतो. यंत्रांत घालून पांढरा शुभ्र केलेल्या दाण्यांतील पुष्कळ लोह व जीवनसत्त्वें कोंड्याबरोबर निघून जातात. 'भगर म्हणजे सर्व कांहीं' असें समजून पांढरीफेक भगर खाणाराला तिचा पुरा लाभ मिळत नाहीं. तसेंच भगर व तिचें पीठ दमट जागीं ठेविलें तर बुरशी धरते. अशा भगरीनें उपवासाच्या दिवशीं विषबाधा झाल्याचे प्रकार महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं झाले आहेत. दाणा कडक वाळवून, घट्ट झांकणाच्या भांड्यांत ठेवावा आणि पीठ लागेल तेवढेंच दळावें.

जेवणावर चहा

बाजारांतून परत जाणाऱ्या पिशवींत चहाची पुडी असते हें वर सांगितलें. चहांत जें तुरट द्रव्य असतें तें लोहाला घट्ट धरतें. म्हणजे आमचूर जें बांधलेलें सोडवितो, तें चहा पुन्हां बांधून टाकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेनें इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत भारतीयांसाठीं आहाराचे सतरा नियम प्रसिद्ध केले. त्यांत जेवणापूर्वीं एक तास व जेवणानंतर एक तास चहा अथवा कॉफी घेऊं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. चहा सर्वस्वीं सोडावा असें कोणी म्हणत नाहीं. परंतु भाकरी चहांत बुडवून मुलास देणें आणि त्यालाच न्याहारी समजणें ही चाल मात्र मोडली पाहिजे. त्या मुलाला भाकरींतलें लोह मिळत नाहीं, आणि चहाच्या गोडीनें भूक मात्र मरते.

डाळीचा हिशेब

आतां तुरीकडे वळूं. शरीराची बांधणी प्रथिनांची असते; आणि ज्वारी व मका यांच्या प्रथिनांत जी एक उणीव आहे ती कडधान्याच्या प्रथिनांनीं भरून निघते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनीं ज्वारीच्या ओळींत तुरीची ओळ टाकली, आणि भाकरीबरोबर वरण ठेविलें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचा जो भाग इ. स. २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसून आलें कीं, भारतीयांच्या आहारांतील शेंकडा सुमारे ६२ भाग शक्ति ही पिष्टमय पदार्थांतून येते व प्रथिनांतून अवघी १२ भाग. तांदूळ काढून त्या जागीं तितक्याच वजनाचें भरडधान्य किंवा गहूं घातल्यानें मधुमेहाचा धोका कमी होतांना त्यांत दिसला नाहीं. एकंदर पिष्ट थोडें कमी करून त्या जागीं प्रथिनें घातलीं तर धोका कमी असल्याचें दिसलें. भरडधान्याची थोरवी गातांना ही गोष्ट विसरूं नये कीं, नुसती भाकरी, मग ती ज्वारीची असो वा भगरीची, पुरी पडत नाहीं. तिच्या शेजारीं डाळ पाहिजे.

डाळीचें महत्त्व याहूनही ठळकपणें दाखविणारा एक प्रयोग आपल्या देशांतच झाला आहे. झारखंडांतील चार जिल्ह्यांत इ. स. २०१९ ते २०२२ या काळांत अनुराग भार्गव, माधवी भार्गव व त्यांचे सहकारी यांनीं २,८०० क्षयरोग्यांच्या घरांतील १०,३४५ माणसांवर लक्ष ठेविलें. क्षयरोग्यांना सर्वांनाच औषधाबरोबर शिधा दिला. परंतु घरांतील इतर माणसांना तो निम्म्या कुटुंबगटांतच देण्यांत आला. या शिध्यांत दर प्रौढ माणसास महिन्याला पांच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या असत. क्षयरोग्याच्या सहवासांत राहणाऱ्यांस तो रोग होण्याचा धोका नेहमींच अधिक असतो. ज्या घरांत शिधा दिला तेथें नव्यानें क्षय जडण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नीं कमी झालें, आणि तपासणींत जंतु सांपडलेल्या क्षयाचें प्रमाण शेंकडा ४८ नीं कमी झालें. इ. स. २०२३ मध्यें हा निष्कर्ष लॅन्सेट नियतकालिकांत आला. केवळ तांदूळ व डाळ यांनीं इतका फरक पडावा, ही गोष्ट साऱ्या जगाला विचार करावयास लावणारी आहे.

आपल्या पाड्यांवर याचा अर्थ काय? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालीं शिधापत्रिकेवर दर माणशीं पांच किलो धान्य मिळतें, व इ. स. २०२३ च्या जानेवारीपासून तें विनामूल्य मिळतें. म्हणजे वरील शिध्यांतील धान्याचा भाग दुकानांतून येतो. डाळीची तरतूद मात्र घरच्या तुरींतूनच व्हावयाची आहे. आणि तीच तूर काढणी होतांच बाजारांत उतरते.

घरचा हिस्सा किती?

आई, बाप व तीन मुलें अशा एका कुटुंबाचा हिशेब करून पाहूं. झारखंडांतील प्रमाण धरलें तर एका प्रौढास महिन्याला दीड किलो, म्हणजे वर्षास १८ किलो डाळ लागते. दोघांचे झाले ३६ किलो. मुलास प्रौढाच्या निम्मी धरली तर तिघां मुलांचे २७ किलो. एकंदर ६३ किलो डाळ. आमचूर प्रत्येकीं चवीपुरता दोन ग्रॅम धरला, तर पांच माणसांस रोज १० ग्रॅम व वर्षास साडेतीन पावणेचार किलो लागेल. भगर व ज्वारी यांचा हिस्सा प्रत्येक घर आपल्या संवयीप्रमाणें ठरवील. तात्पर्य, आमचुराच्या एकंदर पिकांतून घरासाठीं जें ठेवावयाचें तें अगदींच थोडें आहे. तुरीचा हिस्सा मोठा आहे, आणि तो ठेवणें कठीण आहे हेंही आम्ही जाणतों.

कठीण अशासाठीं कीं, काढणीच्या वेळींच देणेकरी दारांत उभा असतो. तूर तेव्हां विकावी लागते, आणि चार महिन्यांनीं तीच डाळ होऊन चढ्या भावानें दुकानांत येते, तेव्हां ती घेण्यास पैसा नसतो. एकट्या शेतकऱ्याला या कोंडींतून सुटणें अवघड आहे. सोसायटीच्या सभासदांनीं घरखर्चाची तूर गांवांतच एकत्र सांठवून ठेवावी, प्रत्येकाच्या नांवें तिची नोंद व्हावी, आणि महिन्याच्या महिन्याला ती भरडून परत मिळावी, अशी योजना गांवोगांव करतां येण्यासारखी आहे. तुरीला भुंगा लागतो हें खरें. परंतु कडक वाळविलेला व भरडलेला दाणा घट्ट कोठींत ठेविला तर तो बराच काळ टिकतो.

दिवाळीनंतर जीं कुटुंबें ऊंसतोडीस किंवा मजुरीस गुजराथेंत जातात, त्यांनीं तर हा हिस्सा विशेष आठवणीनें बरोबर न्यावा. परक्या मुलखांत मजुरी मिळते, पण भाजी व डाळ दुर्मिळ होते. आणि त्या चार सहा महिन्यांतच लहान मुलांचें वजन उतरतें. एक पिशवी तूरडाळ, थोडा आमचूर, कांदे व लसूण एवढें गांठोडें फार जड होत नाहीं.

रक्त कमी असण्याचें दुसरें कारण

येथवर लोहाविषयीं सांगितलें. परंतु आमच्या भागांत रक्त कमी असण्याचें कारण प्रत्येक वेळीं लोहाची उणीव हेंच नसतें. हिंवताप तांबड्या पेशी फोडतो. पोटांतील जंत रक्त शोषून घेतात. आणि यांखेरीज सिकलसेल नांवाचा एक रोग आहे, तो जन्मतःच रक्तांत येतो. या रोगांत हिमोग्लोबिनच्या घडणींत एक बारीकसा बदल झालेला असतो. त्यामुळें वाटोळ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. रोग्याला हाडांत व सांध्यांत असह्य कळा येतात, कावीळ दिसते, वरचेवर ताप येतो. भारतांत हा प्रकार इ. स. १९५२ मध्यें निलगिरींतील आदिवासींत प्रथम दिसून आला. भिल्ल व पावरा समाजांतही तो आहे. हा कोणाच्या पापाचा किंवा करणीचा परिणाम नव्हे. उलट, ज्याला असा अंश एकाच पालकाकडून मिळाला त्याचें हिंवतापापासून कांहींसें रक्षण होतें, असें ॲलिसन या शास्त्रज्ञानें इ. स. १९५४ मध्यें आफ्रिकेंतील आपल्या अभ्यासावरून दाखविलें. हिंवतापाच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हा अंश कां टिकून राहिला, याचें उत्तर यांत आहे.

अपाय होतो तो आई व बाप या दोघांकडून अंश आला तर. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारांत एक असतो. रक्ताच्या साध्या तपासणीनें हें कळतें. इ. स. २०२३ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून इ. स. २०४७ पर्यंतचें ध्येय तिनें डोळ्यांपुढें ठेविलें आहे. तपासणी सरकारी दवाखान्यांत होते. सोयरीक ठरविण्यापूर्वीं मुलाचें व मुलीचें कार्ड पाहण्याची चाल जर पडली, तर पुढील पिढीचें पुष्कळ दुःख टळेल.

आहाराशीं याचा संबंध असा कीं, ज्या सिकलसेलच्या रोग्यास वारंवार दुसऱ्याचें रक्त भरावें लागतें त्याच्या अंगांत लोह आधींच जास्त झालेलें असतें. त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून लोहाच्या गोळ्या घेणें धोक्याचें आहे. अशा रोग्यानें पाणी भरपूर प्यावें, उन्हांत व थंडींत फार राबूं नये, आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या व इतर औषध दवाखान्याच्या सल्ल्यानें घ्यावें. यासाठींच आम्ही म्हणतों कीं, फिकटपणा दिसला म्हणजे आधीं तपासणी आणि मग उपाय.

उपसंहार

वरील सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें. भाकरीबरोबर रोज डाळ असावी, व डाळींत आमचूर, कांदा, लसूण असावा. शेवगा, माठ, तरोटा यांचा पाला मोसमांत वरचेवर शिजावा. कडधान्य भिजवून, मोड आणून खावें. भगर हलकी कांडावी. चहा जेवणापासून दूर ठेवावा. सहा महिन्यांपर्यंत तान्ह्या मुलास आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये, आणि त्यानंतर पातळ पेजेवर न ठेवतां घट्ट वरणभात, तेल किंवा भुईमुगाचा कूट घालून, थोडथोडा पण वारंवार भरवावा. कारण लहान पोट पाण्यानेंच भरलें तर अन्नास जागा उरत नाहीं. वर्षांतून दोनदां मिळणारी जंताची गोळी मुलांना चुकवूं नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं अंगणवाडींतील अमृत आहाराचें जेवण अवश्य घ्यावें. ही योजना आदिवासी भागासाठीं इ. स. २०१५ पासून आहे.

आणि शेवटीं घरांतील पंक्तीविषयीं. पुष्कळ घरांत पुरुष व मुलें जेवल्यावर बाई जेवते, आणि डाळीचें भांडें तोंपर्यंत रिकामें झालेलें असतें. वर दिलेल्या मानाप्रमाणें जिला लोह सर्वांत अधिक लागतें तिलाच तें सर्वांत कमी मिळतें. घरीं ठेवलेला तुरीचा हिस्सा योग्य मुखीं पडावयाचा असेल, तर वरण वाढतांना घरच्या बाईची वाटी आधीं भरून बाजूस ठेवावी. या कामास ना पैसा लागतो, ना सरकारी मंजुरी. आणि आज रात्रींच्या जेवणापासून तें सुरू करतां येतें.